तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकमध्ये बसून हेगच्या कोर्टासाठी पत्रं कशाला?

"मॅडम, इथे दिवाणी दावे पंधरा-पंधरा वर्षं लोंबकळतात आणि तुम्ही त्या हेगच्या कोर्टासाठी दिल्लीला पत्रं लिहिता? ते कोर्ट काय आमची घरपट्टी माफ करणार आहे?" हे मला बार रूममध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, सीबीएसच्या सिग्नलला गाडी थांबली की शेजारच्या स्कूटरवरूनही विचारतात. भारताने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या करारात सामील व्हावं, अशी पत्रं दर जुलैत मी आणि काही सहकारी वकील परराष्ट्र मंत्रालयाला आणि आपल्या खासदारांना पाठवतो. सिग्नल सुटायच्या आत याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता बसून लिहिते.

आधी कोर्ट कोणतं ते. बहुतेकांना वाटतं, कुलभूषण जाधवांचा खटला चालला तेच. गाव तेच, पण कोर्ट वेगळं. जाधवांचं प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात होतं, तिथे देश देशाविरुद्ध उभा राहतो. फौजदारी न्यायालयात आरोपीच्या पिंजऱ्यात माणूस असतो, मग तो राष्ट्राध्यक्ष असो की सशस्त्र टोळीचा म्होरक्या. १७ जुलै १९९८ रोजी रोममध्ये त्या कराराच्या बाजूने १२० देशांनी मत दिलं, ७ देशांनी विरोध केला, २१ तटस्थ राहिले. त्या २१ मध्ये आपण. १ जुलै २००२ पासून करार लागू झाला. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे (म्हणजे सामान्य नागरिकांवर मोठ्या प्रमाणावर, ठरवून केलेले अत्याचार), युद्धगुन्हे आणि आक्रमण, एवढ्या चारच गोष्टी तिथे चालतात. सव्वाशेच्या आसपास देश सदस्य आहेत. अमेरिका, रशिया, चीन बाहेर आहेत आणि आपणही बाहेर.

तरी जाधवांचं प्रकरण मी सोडत नाही, कारण त्यात माझा मुद्दा आयता मिळतो. पाकिस्तानच्या लष्करी कोर्टाने एप्रिल २०१७ मध्ये त्यांना फाशी सुनावली आणि मे महिन्यात भारत हेगला पोचला. पोचता आलं कसं? वकिलातीतल्या अधिकाऱ्यांना कैद्याला भेटू द्यावं, असं सांगणारा व्हिएन्ना करार आहे. त्याला एक ऐच्छिक पुरवणी आहे: वाद झाला तर हेगला जायचं. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही ती आधीच मान्य केलेली होती. २०१९ च्या १७ जुलैला पंधरा विरुद्ध एक असा निकाल आपल्या बाजूने लागला. जाधव अजून सुटलेले नाहीत, हे खरं. पण फाशी तेव्हा थांबली ती जुन्या कागदावरच्या सहीमुळे, आणि ती करणाऱ्यांना जाधव कोण हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

आता नाशिकचं म्हणाल, तर आपला आणि हेगचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, हे नाशिकचं पोरही सांगेल. त्यानंतर भगूरच्या विनायक सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली आणि बोटीने हिंदुस्थानात आणताना ८ जुलै १९१० ला मार्सेलिसच्या बंदरात त्यांनी उडी मारली. पोहून धक्का गाठला, फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवला, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना धरून पुन्हा बोटीवर नेऊन दिलं. उडीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पुढची फारशी कुणी सांगत नाही. फ्रान्सने तक्रार केली की आमच्या भूमीवरून माणूस असा नेता येत नाही, परत द्या. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. पाच पंच बसले आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निर्णय दिला: पकडून सोपवण्यात अनियमितता झाली असेल, पण म्हणून ब्रिटनने कैदी परत द्यायला हवा असा आंतरराष्ट्रीय कायद्यात नियमच नाही. तोवर मुंबईत दोन्ही जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या.

सावरकरांबद्दल तुमचं मत तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी. मी हा निवाडा वकील म्हणून वाचते. त्यात पक्षकार दोन, फ्रान्स आणि ब्रिटन. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न तो माणूस पक्षकार नाही, त्याचं म्हणणं मांडायला कुणी नाही. आणि निकाल फिरला कशावर, तर नियम आधी केलेला नव्हता यावर. आजच्या फौजदारी न्यायालयात ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांना स्वतःच्या वकिलामार्फत खटल्यात बोलता येतं. आमच्या सत्र न्यायालयात फिर्यादीच्या वकिलाला सरकारी वकिलाच्या मागे बसून चिठ्ठ्या सरकवाव्या लागतात, त्या मानाने हे मोठंच पाऊल.

सहीची दुसरी गंमत म्हणजे ती सरकारपेक्षा जास्त टिकते. अफगाणिस्तान २००३ मध्ये सदस्य झाला. ती सही करणारी राजवट आता नाही, तालिबान या कोर्टाला मानत नाही, तरी मुली आणि स्त्रियांच्या छळाबद्दल जुलै २०२५ मध्ये तालिबानच्या सर्वोच्च नेत्यावर अटक वॉरंट निघालं ते त्याच जुन्या सहीच्या जोरावर. फिलिपिन्स २०१९ मध्ये करारातून बाहेर पडला. ज्यांनी बाहेर काढला ते तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते मार्च २०२५ मध्ये विमानाने हेगलाच गेले, कैदी म्हणून. सदस्य असतानाच्या काळातले गुन्हे बाहेर पडल्याने पुसले जात नाहीत. आणि शेजारी बांगलादेश बघा. म्यानमार सदस्य नाही, पण रोहिंग्यांना जिथे हाकललं ती भूमी सदस्य देशाची, म्हणून २०१९ मध्ये तपासाला परवानगी मिळाली. आज खुर्चीवर असलेल्याला आणि उद्या बसणाऱ्यालाही बांधून ठेवणारी ही गोष्ट आहे. त्यामुळेच कोणतंही सरकार आपणहून उत्साह दाखवत नाही. मागे लागावं लागतं.

देवळाली कॅम्पात तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत. जमिनीच्या वादात माझ्याकडे आले, आता चहाला येतात. पत्रावर सही मागितली तेव्हा त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. "ताई, नकाशावरचा आकडा वरून येतो. मी तोफ लावतो, गोळा पडतो. तो शाळेवर पडला तर हेगला कोण जाणार? मी, का आकडा देणारा?"

इतका नेमका प्रश्न मला वकिलांनीही विचारलेला नाही. मी सांगितलं ते असं. चुकून पडलेला गोळा युद्धगुन्हा होत नाही; शाळा आहे, शत्रू तिथे नाही, हे ठाऊक असून मुद्दाम टाकलेला होतो. वरचा हुकूम होता हा बचाव सरसकट चालत नाही, हुकूम उघड उघड बेकायदेशीर असेल तर तो पाळणाराही अडकतो. पण करार वरच्यालाही मोकळा सोडत नाही. हाताखालचे काय करताहेत हे माहीत असून ज्याने थांबवलं नाही, तो जबाबदार. कोर्टाचा रोखही वरच्यांवरच राहिला आहे. २०१२ मध्ये पहिली शिक्षा झाली ती काँगोतल्या एका सशस्त्र संघटनेच्या प्रमुखाला, पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या हाती बंदुका दिल्याबद्दल. शिवाय हे कोर्ट शेवटचं आहे, पहिलं नाही. देशाने स्वतः प्रामाणिकपणे तपास केला, खटला चालवला, तर हेगला त्यात हात घालता येत नाही. आणि सामील झाल्यानंतर घडलेलंच बघितलं जातं, जुनी मढी उकरली जात नाहीत.

"म्हणजे आपलं कोर्ट मार्शल सरळ चाललं तर भ्यायचं कारण नाही," सुभेदार म्हणाले. मग बशीतला चहा संपवून म्हणाले, "आणि अमेरिकेच्या जनरलला कोण विचारणार?" याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. अफगाणिस्तानातल्या तपासात अमेरिकी सैन्याचं वर्तनही होतं, २०२१ मध्ये ते मागे सारलं गेलं. २०२५ मध्ये तर अमेरिकेने या कोर्टाच्या न्यायाधीशांवरच निर्बंध लादले. सुभेदारांनी सही केली नाही. मीही आग्रह धरला नाही.

दिल्लीचे आक्षेप याहून वजनदार आहेत, आणि ते मी झटकून टाकत नाही. सुरक्षा परिषद कुणालाही या कोर्टाकडे धाडू शकते, म्हणजे नकाराधिकारवाल्या पाचांपैकी जे तीन स्वतः सदस्य नाहीत, ते दुसऱ्याला आरोपी करू शकतात. अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत घ्या, असं भारताने रोममध्ये मांडलं, ते मतालाही टाकलं गेलं नाही. दोन्ही बाबतींत आपण बरोबर होतो असं माझं मत आहे. पण मग २०११ मध्ये सुरक्षा परिषदेने लिबियाचं प्रकरण याच वाटेने हेगला पाठवलं, तेव्हा परिषदेत बसलेल्या भारताने बाजूने मत दिलं. आणि २०१५ मध्ये, ज्यांच्यावर याच कोर्टाचं वॉरंट होतं ते सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशीर दिल्लीत शिखर परिषदेला पाहुणे म्हणून आले. दुसऱ्याला पाठवायला कोर्ट चांगलं, स्वतः मात्र दाराबाहेर, हे फार काळ शोभत नाही. बरं, बाहेर बसून आक्षेप सुटतात का? न्यायाधीश आणि अभियोक्ता सदस्य देश निवडतात. दुरुस्तीवर मतं त्यांचीच. सोसायटीच्या सभेला न जाता जिन्यात उभं राहून कुरकुरणारा एक सभासद प्रत्येक इमारतीत असतो, तसं आपलं चाललं आहे.

आता ज्यासाठी मी खरं तर ही पत्रं लिहिते ते. वंशसंहाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९५९ मध्ये मंजूर केला. त्याला अनुसरून देशात कायदा करायचा होता, तो आजवर झाला नाही. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराबद्दल काँग्रेसचे माजी खासदार सज्जन कुमारांना दोषी ठरवताना दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्वच्छ लिहिलं की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या देशी फौजदारी कायद्यात नाहीतच, ही पळवाट तातडीने बुजवायला हवी. न्यायालय बोलून गेलं. पुढे इंडियन पीनल कोडच बदललं, १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, आम्ही वकिलांनी कलमांचे नवे आकडे घोकले, माझ्या ज्युनिअरने टेबलावर जुन्या-नव्या कलमांचा तक्ता चिकटवला. त्या तक्त्यात हे दोन गुन्हे कुठेच नाहीत, कारण संहितेत नाहीत. शेकडो माणसं ठरवून मारली तरी आपल्याकडे एकेका खुनाचा एकेक खटला उभा राहतो, साक्षीदार एकेक करून फितूर होतात आणि ज्याने ठरवलं त्याच्यापर्यंत कागद पोचत नाही. युद्धाचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांसाठी १९६० चा कायदा आहे खरा, पण त्याखाली कोर्टाला दखल घ्यायची तर तक्रार सरकारनेच करावी लागते.

रोमच्या करारात सामील व्हायचं तर हे गुन्हे आधी आपल्या कायद्यात आणावे लागतील, नाहीतर "आम्ही आमचं बघतो" असं हेगला सांगायचं कशाच्या बळावर? हेगला कुणी भारतीय कधी गेलाच नाही, पण नाशिकच्या सत्र न्यायालयात हे कलम लावता आलं, तर माझी पत्रं फुकट गेली असं मी म्हणणार नाही.

म्हणून पत्रात दोनच मागण्या असतात: हे गुन्हे न्याय संहितेत घाला आणि करारात सामील व्हायचं वेळापत्रक संसदेत सांगा. खासदारांना वर एवढंच विचारतो की यावर लोकसभेत एक प्रश्न टाकाल का. उत्तरं बहुधा "आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे" अशी येतात. संबंधित विभाग कोणता, हे विचारणारं पत्र मग आम्ही पाठवतो.

तुम्हाला लिहायचं असेल तर नमुना मागू नका. एकाच मजकुराची शंभर पत्रं आली तर ऑफिसात ती एकाच फाइलला लागतात. तुमच्या शब्दांत लिहा, मराठीतही चालतं. आणि मतदारसंघ नीट बघा: भगूर-देवळालीचे असाल तर नाशिक, ओझरचे असाल तर दिंडोरी, मालेगावचे असाल तर धुळे. मागच्या खेपेला निम्मी पत्रं भलत्याच खासदारांकडे गेली होती.