मुद्दाम करतात का हो?

लातूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, जे लागंल ते. सर्व्हर बंद पडला की बसलेला माणूस बोलायला लागतो आणि बोलणं फिरून फिरून एकाच जागी येतं, "भाऊ, हे सरकार आपल्याला मुद्दाम छळायलंय का?" पार्टी कोणतीबी असो, प्रश्न तोच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

माझ्या मते बहुतेक वेळा मुद्दाम नसतं. असं म्हणलं की लोकांना वाटतं मी सरकारची बाजू घ्यायलोय, पण थांबा जरा. निर्णय घेणाऱ्याला दुसऱ्याच कोणाचं तरी भलं करायचं असतं, आणि त्यात आपण मरणार हे त्याला चांगलं ठाऊक असतं, तरी तो सही करतो.

2021 चं घ्या. सोयाबीन मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, क्विंटलला दहा हजाराच्या वर गेलं होतं, म्हातारी माणसं म्हणायची असा भाव जन्मात बघितला नाही. ऑगस्टात केंद्रानं 12 लाख टन सोयापेंड, म्हणजे सोयाबीनचं तेल काढून उरलेला चोथा, आयात करायला परवानगी दिली, कारण पोल्ट्रीवाले ओरडायलेले, कोंबड्यांचं खाद्य महागलेलं, आणि ते काही खोटं नव्हतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात खाद्यतेलावरचं आयात शुल्क उतरवलं, कारण दिवाळी तोंडावर आणि तेलाचा डबा परवडंना, तेबी खरंच. आणि आमचा नवा माल नेमका तेव्हाच खळ्यावर! भाव आला निम्म्यावर. डिसेंबरात सोयाबीनचा वायदेबाजार, म्हणजे पुढच्या महिन्यांचे सौदे आधीच ठरतात तो बाजार, तोबी बंद केला. आता दिल्लीत कोणी "चला, लातूरवाल्यांना रडवू" म्हणलं असंल का, मला नाही वाटत. पण सोयाबीन कोणत्या महिन्यात निघतं हे माहीत नसलेला माणूस कृषी मंत्रालयात बसतो, हेही मला पटत नाही.

ठरवून केलेला छळ काय असतो ते मराठवाड्याला शिकवायची गरज नाही. देश 1947 ला सुटला, आपण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाखाली, आणि रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांनी, गावं लुटली-जाळली ती लोकांना धाक बसावा म्हणूनच. त्यामुळं उठसूट कोणत्याही जीआरला "रझाकारी" म्हणणारे मला आवडत नाहीत.

पण मग 2017 ची कर्जमाफी आठवते. दीड लाखाची मर्यादा, ऑनलाइन अर्ज, नवरा-बायको दोघांचे अंगठे. खुरपं धरून धरून बायांच्या बोटावरच्या रेषा गेलेल्या, मशीन अंगठा घेईना, मग बोट ओल्या फडक्यानं पुसायचं, केसांवर घासायचं, म्हणजे जरा तेल लागतं, परत ठेवायचं, परत एरर. मागं बाहेर रांग. बाई आपल्याकडं अशी बघायची की जणू चूक तिच्याच बोटाची आहे. सरकारचं कारण काय, तर मागच्या माफीत बोगस खाती घुसली. असतील घुसली, पण घुसवणाऱ्याचे अंगठे कोणी तपासले?

हेतू कोणाच्या पोटात शिरून बघता येत नाही, म्हणून नियम कधी आणि कोणासाठी वाकतो, मी तेवढंच बघतो. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव 4892, मोंढ्यात मिळायचे चार-सव्वाचार हजार. म्हणून माणूस खरेदी केंद्रावर जायचा, तर तिथं ओलावा 12 टक्क्यांच्या आत पाहिजे. मूठभर दाणे मशीनात टाकायचे, आकडा साडेतेरा आला की "काका, वाळवून आणा". गाडीभाडं काकाचं, हमालीबी काकाचीच, परत ताडपत्री अंथरा, त्यात बारदाना, म्हणजे माल भरायची पोती, नाही म्हणून काटा बंद. हे सगळं "नियमच आहे, आम्ही काय करणार" म्हणून चाललेलं, आणि विधानसभेच्या मतदानाच्या ऐन तोंडावर, नोव्हेंबरात, 15 टक्क्यांपर्यंत चालंल असं पत्र निघालं. म्हणजे आधीबी चाललं असतं की!

पीकविम्याचं तर विचारूच नका. 2023 पासून एक रुपयात विमा होता, त्यात बोगस अर्ज झाले, कोणाच्याबी जमिनीवर कोणाचाबी विमा, आणि आमच्याच धंद्यातल्या काही लोकांनी ते केलं, ते काय लपवायचं. म्हणून 2025 ला एक रुपयावाली योजना बंद केली, ठीक. पण तेवढ्यावर न थांबता स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान हे ट्रिगरबी, म्हणजे ज्या कारणावर भरपाई मागता यायची ती कारणंबी, काढली, राहिला फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे मंडळातल्या काही शेतांत पीक कापून सरासरी उत्पन्न काढायचं आणि त्यावर भरपाई ठरवायची. बोगस अर्ज आणि ट्रिगर यांचा संबंध काय ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाडाभर पूर आला. लोक मोबाइलमधे पाण्याखालच्या सोयाबीनचे फोटो घेऊन सेंटरवर धावत आले, त्यांना जुनी सवय, 72 तासांच्या आत तक्रार टाकायची. मी काय सांगणार, टाकायला जागाच ठेवली नव्हती. सरकारनं पुढं मदत जाहीर केली ती वेगळी. पण आपल्याकडं ऐन काढणीला पाऊस येऊ शकतो हे ट्रिगर काढताना कोणालाच सुचलं नसंल तर निष्काळजीपणा म्हणू, आणि सुचूनबी काढले असतील तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, माझं अर्धं मत तर तिकडं झुकलेलंच आहे.