आमची वाटचाल : कलमाच्या चाकूचे म्यान

वेंगुर्ल्यात आमच्या वडिलांचे चपला-बूट दुरुस्तीचे दुकान होते आणि आज आम्ही म्याने शिवतो ती जागाही तीच. कमरेच्या आकडीला कोयती अडकवून माडाच्या बागेत जाणारी माणसे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. परंतु आंब्याची कोय कलमे, म्हणजे रुजलेल्या कोयीच्या कोवळ्या रोपावरची कलमे, बांधणाऱ्या एका गृहस्थांनी, चाकूचे पाते खिसा फाडून बाहेर येते म्हणून म्यान शिवून मागितले, तेव्हा या व्यवसायाला सुरुवात झाली.

ते पहिले म्यान फसले. व्यापाऱ्याने बाभळीच्या सालीत कमावलेले म्हणून दिलेले कातडे क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेले निघाले. कापल्यावर त्याची कड तपकिरी न दिसता निळसर करडी दिसत होती, पण तिचा अर्थ तेव्हा आम्हाला कळला नाही. असे कातडे भिजवून कितीही दाबले तरी वाळल्यावर आकार धरून राहत नाही. तेव्हापासून कोल्हापूरकडचे, बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले, सुमारे 3 मिलिमीटर जाडीचे म्हशीचे कातडेच आम्ही घेतो, आणि कड कापून पाहिल्याशिवाय पैसे देत नाही.

शिवताना दोन थरांच्या मध्ये धारेच्या बाजूने कातड्याची एक पट्टी घालावी लागते, म्हणजे पाते टाक्यांना न लागता पट्टीला लागते. मेण लावलेला दोरा दोन सुयांनी एकाच भोकातून दोन्हीकडून ओढला की एखादा टाका तुटला तरी पुढची शिवण उसवत नाही. मग शिवलेले म्यान कोमट पाण्यात बुडवतो. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढतो आणि कातड्याचा मूळ रंग वरच्या बाजूस परतू लागेपर्यंत तसेच ठेवतो. दाबण्याची योग्य वेळ ती हीच. चाकू मात्र प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळूनच आत घालावा लागतो, कारण लोखंड आणि कातड्यातले टॅनिन, म्हणजे साल-हिरड्यातून त्यात उतरलेले तुरट द्रव्य, ओलाव्यात एकत्र आले की काळे डाग पडतात आणि ते सहजासहजी जात नाहीत. अंगठ्याने आणि शिंगाच्या गुळगुळीत पट्टीने मुठीच्या खांद्याभोवती दाबत गेले की आत काय आहे ते बाहेरून हळूहळू दिसू लागते. इतक्या वर्षांनंतरही हे काम मी दुसऱ्या कोणाकडे देत नाही.

आमची खरी अडचण होती ती कोकणातल्या हवेची. कोय कलमे जुलै-ऑगस्टमध्ये बांधतात, त्यामुळे मागणी ऐन पावसात येते आणि त्याच दिवसांत ओले कातडे वाळत नाही, त्यावर बुरशी धरते. एका पावसाळ्यात घाई करून आम्ही म्याने शेगडीजवळ ठेवली. ती आक्रसली, कडक झाली आणि वाकवताच तडकली. सगळी ऑर्डर पुन्हा करून द्यावी लागली. त्यानंतर सावंतवाडीच्या एका कारागिराकडून नेहमीच्या चाकूंचे लाकडी साचे करून घेतले, आणि आता आकार देण्याचे सगळे काम मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, सावलीत आणि वाऱ्यावर, दोन-तीन दिवस वाळवून पूर्ण करतो. पावसात फक्त कापणे आणि शिवणे चालते.

शेवटी कडा 120 आणि मग 400 नंबरच्या पॉलिशपेपरने घासून, किंचित ओल्या करून, लाकडाने रगडून चकचकीत करतो आणि वरून मधमाशांचे मेण चढवतो. तेल अगदी थोडे लावतो. जास्त झाले की बसवलेला आकार सैल पडतो.

म्यान देताना प्रत्येक गिऱ्हाईकाला आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो. दिवसाचे काम संपले की चाकू पुसून, म्यानाबाहेर कोरड्या जागी ठेवावा, कारण आपल्या खाऱ्या, दमट हवेत कातड्यात राहिलेल्या पात्याला गंज फार लवकर चढतो.