नवव्या इनिंगमधला तो स्टील आणि शीटवर न उमटलेले तीन थ्रो

बेसबॉलच्या स्कोअररना शिकवताना एक अर्धी इनिंग मी हमखास घेतो. १७ ऑक्टोबर २००४, बॉस्टनचं फेनवे पार्क, रेड सॉक्स विरुद्ध यांकीज, नवव्या इनिंगचा खालचा अर्धा भाग, म्हणजे यजमान बॉस्टनची बॅटिंग. गेल्या वर्गात या एका इनिंगवर अख्खी दुपार गेली. सगळ्यांच्या स्कोअरशीटवर खुणा अचूक होत्या, पण रनरला दुसरा बेस स्टीलवर, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पळून, मिळाला कसा हे त्या शीटवरून कुणालाच सांगता येईना. मग व्हिडिओ लावला आणि स्टॉपवॉच काढली.

आधी परिस्थिती. अमेरिकन लीगची अंतिम मालिका सात सामन्यांची होती. यांकीज ३-० ने पुढे होते आणि आदल्या रात्री त्यांनी १९-८ असा धुव्वा उडवला होता. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, ०-३ वरून मालिका जिंकलेला संघ तोवर एकही नव्हता. बॉस्टनचं शेवटचं विजेतेपद १९१८ चं. या चौथ्या सामन्यात यांकीजकडे ४-३ अशी आघाडी होती आणि चेंडू टाकणारा पिचर होता मारियानो रिव्हेरा, त्या मोसमात ५३ सेव्ह घेतलेला, म्हणजे तितक्या वेळा संघाची निसटती आघाडी शेवटपर्यंत राखलेला. सहसा बेस फुकट न देणाऱ्या या पिचरनं केव्हिन मिलारला वॉक दिला, म्हणजे चार वाईट चेंडू टाकून पहिला बेस बहाल केला. मॅनेजर टेरी फ्रँकोनानं मिलारच्या जागी डेव्ह रॉबर्ट्सला धावायला पाठवलं. लॉस एंजेलिस डॉजर्सकडून ३१ जुलैला आलेल्या या रनरच्या नावावर त्या मोसमात ३८ स्टील होते आणि तो बाद झाला होता फक्त ३ वेळा. तो कशासाठी आलाय हे मैदानावर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आता हिशेब. पहिल्या बेसपासून दुसरा बेस ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. रनर आधीच पुढे सरकून साडेतीन-चार मीटरची लीड घेतो. उरलेलं अंतर, स्लाइड धरून, चांगला रनर ३.३ ते ३.४ सेकंदांत कापतो. दुसऱ्या बाजूला पिचरच्या पहिल्या हालचालीपासून चेंडू बॅटरमागच्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत साधारण १.३ सेकंद, आणि तिथून दुसऱ्या बेसवरच्या फील्डरच्या हातात पोचायला आणखी १.९ ते २ सेकंद. बेरीज ३.२ ते ३.३, वर टॅगसाठी, म्हणजे चेंडू धरलेला ग्लोव्ह रनरला लावण्यासाठी, थोडा वेळ. म्हणजे दोघंही चोख असतील तर निकाल एका दशांश सेकंदात लागतो.

वर्गात स्टॉपवॉचची मोजणी बहुतेकांची इथेच चुकते. पिचरचा हात पुढे आला की बटण दाबतात, तेव्हा पाव सेकंद आधीच गेलेला असतो. घड्याळ सुरू करायचं ते पिचरचा पुढचा पाय हलला की, आणि थांबवायचं चेंडू ग्लोव्हमध्ये शिरला की. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असेल तर एक फ्रेम म्हणजे ०.०३३ सेकंद. त्यामुळे फ्रेम मोजणं बोटापेक्षा जास्त भरवशाचं.

रिव्हेरा उजव्या हाताचा. अशा पिचरसमोर रनरनं चेंडूकडे बघत बसू नये, टाचा बघाव्यात. उजवी टाच आधी हलली तर पहिल्या बेसकडे थ्रो येतोय, परत फिरा. डावा पाय आधी उचलला गेला तर तो होम प्लेटकडे, म्हणजे बॅटरकडेच टाकणार, निघा. रिव्हेरानं बॅटर बिल म्युलरला पहिला चेंडू टाकण्याआधी सलग तीनदा पहिल्या बेसकडे थ्रो केला. रॉबर्ट्स तिन्ही वेळा बेसवर परतला. माझ्या मते या तीन थ्रोंनी रिव्हेराचं नुकसान केलं. जवळजवळ पूर्ण सामना बसून काढलेल्या, ऑक्टोबरच्या थंडीत आखडलेल्या रनरचे पाय त्यामुळे मोकळे झाले आणि पिचरची लय त्याला तीन वेळा वाचायला मिळाली. रॉबर्ट्सनंही पुढे जवळपास हेच सांगितलं आहे.

म्युलरला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर रॉबर्ट्स निघाला. कॅचर होर्हे पोसाडाचा थ्रो उत्तम होता, दुसऱ्या बेसवर डेरेक जीटरनं टॅगही लगेच लावला, पण डोकं पुढे टाकून केलेल्या स्लाइडमध्ये रॉबर्ट्सचा हात आधी पोचला. सेफ. मग म्युलरनं चेंडू मधून सेंटर फील्डला मारला, रॉबर्ट्स होम प्लेटवर आला आणि स्कोअर ४-४ झाला. याच म्युलरनं २४ जुलैला याच मैदानावर रिव्हेराला होम रन मारून सामना संपवला होता.

शीटवर मिलारच्या चौकोनात बीबी (वॉक), खालच्या ओळीत पीआर (बदली रनर) म्हणून रॉबर्ट्स, दुसऱ्या बेसच्या कोपऱ्यात एसबी (स्टील). धाव अर्न्ड, म्हणजे फील्डिंगच्या चुकीविना झालेली, कारण वॉक, स्टील आणि हिट यांत कुणाचीही चूक नाही. ती रिव्हेराच्या नावावर लागते आणि सेव्ह हुकल्याचं बीएसही त्याच्याच नावापुढे. शिकाऊ स्कोअरर दोन जागी अडतात. एक, पिचरनं चेंडू टाकण्याआधी रनर निघाला असेल आणि तो चेंडू वाइल्ड पिच, म्हणजे कॅचरला अडवता न येण्याइतका भरकटलेला ठरला, तरी त्या बेससाठी एसबीच लिहायचं. वाइल्ड पिच तेव्हाच, जेव्हा त्यामुळे कुणाला एखादा बेस जास्तीचा मिळाला असेल. दोन, फील्डिंग करणाऱ्या संघानं रनरला अडवायचा प्रयत्नच केला नाही, तर स्टील द्यायचा नाही.

ते तीन थ्रो मात्र कुठेच उमटत नाहीत. समासात तेवढ्या तीन बारीक रेघा माराव्यात, हा माझा आग्रह जुनाच. २०२३ पासून मेजर लीगमध्ये त्या रेघांना नियमाचंच वजन आलं आहे. एका बॅटरसमोर पिचरनं रबरवरून, म्हणजे त्याच्या पायाखालच्या पट्टीवरून, दोनदाच पाय काढायचा; बेसकडे केलेला थ्रोही त्यातच मोजला जातो. तिसऱ्यांदा काढला आणि रनर बाद झाला नाही, तर बॉक, म्हणजे रनरला पुढचा बेस बहाल. रिव्हेराचा तो तिसरा थ्रो आज झाला असता तर रॉबर्ट्स चालतच दुसऱ्या बेसवर गेला असता. त्याच वर्षी बेसही १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, आणि २०२२ मधले २४८६ स्टील २०२३ मध्ये ३५०३ वर गेले.

तो सामना बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टीझच्या होम रननं ६-४ असा संपला. बॉस्टननं पुढचे तिन्ही जिंकून मालिका घेतली आणि वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेत, सेंट लुईस कार्डिनल्सला ४-० हरवलं. पाचव्या सामन्याच्या आठव्या इनिंगमध्येही मिलारला वॉक आणि धावायला रॉबर्ट्स. या वेळी एसबी नाही. ट्रॉट निक्सनच्या सिंगलवर, म्हणजे एका बेसच्या हिटवर, तो थेट तिसऱ्या बेसवर गेला आणि जेसन व्हेरिटेकच्या सॅक्रिफाइस फ्लायवर (झेल गेला तरी रनरला धाव मिळवून देणारा उंच फटका) होम प्लेटवर येऊन त्यानं बरोबरीची धाव पूर्ण केली. पहिल्यावरून तिसऱ्यावर जाणं हेही नोंदवण्याजोगं काम. मी त्यासाठी चौकोनात बाण काढायला लावतो.

आपल्याकडच्या सामन्यांत स्कोअररनं नाणेफेकीच्या वेळीच अंपायरला विचारून घ्यावं, पिक-ऑफ थ्रोंवर (रनरला बाद करायला बेसकडे टाकलेल्या थ्रोंवर) मर्यादा आहे का आणि बेस किती इंचांचे आहेत. मर्यादा असेल तर रेघा समासात नकोत, बॅटरच्या चौकोनातच माराव्यात, कारण नवा बॅटर आला की मोजणी शून्यापासून सुरू होते.