मागितली ४.८८, आली ५.३८: युद्धकालीन जीपच्या क्राउन-पिनियनचा माझा अनुभव

जुन्या लष्करी जीपचे काम काढणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो: सुटे भाग विकणाऱ्याकडे नुसती 'जीपची क्राउन-पिनियन' (शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणारी, अॅक्सलमधली लहान-मोठ्या दातेरी चाकांची जोडी) कधीही मागू नये. दातांची संख्या सांगावी, ती पावतीवर लिहून घ्यावी आणि पेटी उघडून दात स्वतः मोजल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

माझी गाडी दुसऱ्या महायुद्धातील विलिस एमबी. इंजिन, ब्रेक आणि वायरिंगची कामे वेळेत उरकली. त्यांबद्दल लिहावे असे काही नाही. मागच्या दोन चाकांवर ती उत्तम धावत असे. मात्र पुढचा अॅक्सल जोडला की कोरड्या डांबरावर, तेही सरळ रस्त्यावर, थोड्याच अंतरात गाडी आखडू लागे, आणि मग पुढचा अॅक्सल जोडणारा दांडा सोडवायचा म्हणजे गाडी मागे घेण्याखेरीज उपाय नसे.

एमबीच्या ट्रान्स्फर केसमध्ये (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या अॅक्सलला वाटणाऱ्या पेटीत) पुढच्या आणि मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल नसतो; फोर-व्हील लावले की दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरतात. त्यामुळे दोन्ही अॅक्सलचे गुणोत्तर, म्हणजे चाकांच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या, हे एकच असावे लागते. वळणावर थोडा ताण येणारच, पण सरळ रस्त्यावर आखडणे हे निराळे लक्षण आहे. एक मागचे चाक जॅकवर उचलले, दुसरे जमिनीवर ठेवले, गिअर न्यूट्रल केला आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून उचललेले चाक वीस वेळा फिरवले. एकच चाक फिरत असल्यामुळे हिशेब दहा फेऱ्यांचा धरायचा, म्हणून शाफ्ट ४९ च्या आत थांबायला हवा होता. तो जवळजवळ ५४ वेळा फिरला. पुढच्या अॅक्सलवर तोच हिशेब बरोबर आला. म्हणजे पुढे मूळची ८ आणि ३९ दातांची, ४.८८ ची जोडी होती आणि मागे कोणीतरी ८ आणि ४३ दातांची, ५.३८ ची जोडी बसवून दिली होती. मागची चाके १०० मीटर जातात तेवढ्यात पुढची ११० मीटर जाऊ पाहणार. चिखलात ती घसरून निभावते, डांबरावर नाही.

५.३८ ही जोडी वाईट नव्हे. युद्धानंतरच्या नागरी सीजे-२ए जीपला ती शेतीच्या आणि ओढकामाच्या हिशेबाने दिलेली होती. तिच्या गिअर बॉक्सचा पहिला गिअर २.७९८ आणि ट्रान्स्फर केसचा लो (हळू पण जोरकस ओढीचा गिअर) सुमारे २.४, म्हणून सर्वात खालचे एकूण गुणोत्तर ३६ च्या पुढे जाते. एमबीत पहिला गिअर २.६६५ आणि लो १.९७, म्हणून तेच जेमतेम साडेपंचवीस भरते. सुरुवातीच्या सीजे-२ए गाड्यांना मागे एमबीसारखाच फुल-फ्लोटिंग (गाडीचे वजन आतल्या शाफ्टऐवजी हौसिंगवर घेणारा) अॅक्सल होता, तेव्हा बाहेरून हब पाहून आतल्या दातांचा निष्कर्ष काढू नये.

हे समजायला एक दुपार पुरली. पुढचे सगळे महिने विक्रेत्याने खाल्ले. त्या मुंबईकर विक्रेत्याला दात लिहून पाठवले होते. 'साहेब, जीप ती जीप, माल ओरिजिनल आहे', असे म्हणत त्याने आगाऊ रक्कम घेतली. बऱ्याच काळाने पेटी आली; आत ४३ दातांचा क्राउन. परत पाठवला. मग फोन उचलणे बंद, मग 'माल रस्त्यात आहे', मग 'पुढेही ५.३८ घाला, काय फरक पडतो?' फरक असा पडतो की त्याच वेगाला इंजिन दहा टक्के जास्त फिरते, आणि हे जुने इंजिन मला तसे पिळायचे नव्हते. दुसऱ्या पेटीत क्राउन खरोखर ३९ दातांचा निघाला, पण त्यावर कोरलेला जोडीचा क्रमांक पिनियनवरच्या क्रमांकाशी जुळेना. ही जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून बसवलेली असते. वेगवेगळ्या जोड्यांतले नग एकत्र आणले की आवाज येतो आणि दात लवकर झिजतात. हे सांगितल्यावर 'आमच्याकडे कोणी एवढे बघत नाही', असे उत्तर मिळाले. ते मात्र त्याने प्रामाणिकपणे दिले असावे.

शेवटी योग्य जोडी दुसऱ्या एका हौशी माणसाच्या फडताळातून, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेली मिळाली. आमच्या मिस्त्रींनी जुन्या शिम (दातांमधले अंतर नेमके करणाऱ्या पातळ चकत्या) जशाच्या तशा न घालता नव्याने मापून घातल्या, दातांना रंग लावून घासणीची खूण दाताच्या मध्यावर आल्याची खात्री केली, आणि मगच हौसिंग बंद केले. जुन्या शिमवर भागवून घेणारा मिस्त्री असेल, तर त्याच्याकडे हे काम देऊ नका.

आणखी एक आठवले. एमबीचा स्पीडोमीटर ट्रान्स्फर केसवरून चालतो; त्यामुळे मागे ५.३८ असताना तो खऱ्या ५४ च्या वेगाला ६० दाखवत होता. मोबाइलवरच्या वेगाशी ताडून पाहिले, तर खोलाखोली न करताही एवढा संशय घेता येतो. आणि योग्य जोडी मिळेपर्यंत गाडी वापरायचीच असेल, तर पुढचा अॅक्सल जोडू नका. पहिल्या विक्रेत्याकडची आगाऊ रक्कम अजून यायची आहे. पावतीवर '८-३९' असे त्याच्याच अक्षरात लिहिलेले असल्यामुळे ती मी सोडणार नाही.