वजनकाटा आणि वही : आमच्या उस्मानाबादी गोठ्याची वाटचाल

धाराशिव जिल्ह्यातल्या कोरडवाहू पट्ट्यात आमचा गोठा आहे. उस्मानाबादी शेळीची पैदास करायची, त्यातले निवडक बोकड आणि पाटी (अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या) पैदाशीसाठी विकायच्या आणि उरलेला माल मांसाच्या बाजारात घालायचा, असा आजचा धंदा. सुरुवात मात्र इथल्या बहुतेकांसारखीच झाली. आठवडी बाजारातून करडं आणायची, चार-सहा महिने वाढवायची, व्यापाऱ्याच्या गाडीत चढवायची. त्यात पैसा फिरतो, हाती फारसा राहत नाही. घेतानाचा भाव व्यापारी ठरवतो आणि विकतानाचाही तोच ठरवतो.

शिवाय बाजारातली शेळी येताना रोग घेऊन येते. पीपीआरचा, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगचा, विषाणू अंगात शिरल्यावर साधारण चार ते सहा दिवसांनी ताप चढतो. आधी डोळ्या-नाकातून पाणी, मग घट्ट शेंबूड, हिरड्यांवर आणि ओठांच्या आत कोंडा भुरभुरल्यासारखे पांढरट चट्टे, आणि शेवटी हगवण. करडं दोन-चार दिवसांत जातात. भारतात हा रोग पहिल्यांदा 1987 मध्ये तमिळनाडूत ओळखला गेला. आता लस उत्तम आहे: तीन-चार महिन्यांच्या पुढच्या करडाला कातडीखाली 1 मिली, आणि एका डोसचं संरक्षण साधारण तीन वर्षं. लस दिली तरी रोग आला अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा आधी बर्फाची चौकशी करावी. लस आणि तिचं द्रावण दोन्ही थंड लागतं, मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवावं लागतं. दुपारच्या उन्हात सबंध गल्लीला पुरवत फिरवलेली बाटली म्हणजे नुसतं पाणी. दुसरं कारण म्हणजे जनावराच्या अंगात रोग आधीच शिरलेला असताना लस टोचणं.

म्हणून बाहेरून काहीही आणलं, अगदी एकच बोकड का असेना, तरी 21 दिवस वेगळा. आमचा वेगळा वाडा वाऱ्याच्या खालच्या अंगाला आहे, त्याची बादली, घमेलं, दोर सगळं तिथलंच. तिथल्या जनावरांचं चारा-पाणी सर्वांत शेवटी. बोकडाचं रक्त याच काळात ब्रुसेलोसिससाठी तपासून घेतो, कारण गर्भपात करवणारा हा रोग माणसालाही लागतो.

खरेदी थांबवून घरच्याच मालावर कळप वाढवायला लागल्यावर जात नीट बघायला लागलो. उस्मानाबादी म्हणजे काळी, एवढ्यावर लोक थांबतात. काळा रंग बहुतांश असतो हे खरं, पण पांढऱ्या ठिपक्यांचे कान आणि कबरा रंगही याच जातीत येतो, आणि उलट काळी म्हणून विकली जाणारी शेळी कशाचाही संकर असू शकते. उंच पाय, मध्यम लांबीचे लोंबते कान, घट्ट बांधा, मागच्या पायांत मोकळेपणा आणि कासेचे दोन्ही सड सारखे, हे आम्ही रंगाच्या आधी पाहतो. बऱ्याच शेळ्या भुंड्या, म्हणजे बिनशिंगी असतात. त्या ठेवायला हरकत नाही, पण बोकड शिंगाळाच ठेवतो. सानेनसारख्या युरोपीय जातींत भुंड्याला भुंडी लावली की काही पिल्लं ना धड नर ना मादी अशी वांझ निपजतात, हे सिद्ध झालेलं आहे. हा धोका घ्यायचं कारण काय?

वही इथून सुरू झाली. प्रत्येक करडाच्या कानात बिल्ला, आणि वहीत आई, बाप, जन्मतारीख, एकटं की जुळं, जन्माचं वजन, तीन महिन्यांचं वजन. करडं एकाच दिवशी जन्मत नाहीत, त्यामुळे वजन 90 दिवसांवर आणून तुलना करावी लागते. जन्माला 2.4 किलो असलेलं करडू 98 व्या दिवशी 10.8 किलो भरलं, तर वाढ 8.4 किलो, तिला 98 ने भागून 90 ने गुणलं की 7.7 येते. त्यात जन्माचं वजन मिळवलं की 90 दिवसांचं वजन 10.1 किलो. वजन सकाळी, चारा टाकायच्या आधी. पोटभर खाल्ल्यावर काट्यावर चढवलेलं करडू किलोभर खोटं बोलतं.

आता यातली खरी मेख. नुसत्या वजनावर बोकड निवडत गेलं तर पाच-सहा वर्षांत कळपातली जुळी कमी होतात. एकट्या करडाला आईचं सगळं दूध मिळतं, साहजिकच ते जुळ्यांपेक्षा जड भरतं. जड तेवढे ठेवत गेलं की नकळत एकटीच निवडली जातात. या जातीची कमाई तर जुळ्यांत आहे. म्हणून आमच्या वहीत एकटी आणि जुळी यांच्या दोन वेगळ्या याद्या असतात आणि बोकड जुळ्यांच्या यादीतूनच निवडला जातो. 10 किलोचं जुळं आम्हाला 12 किलोच्या एकट्यापेक्षा मोलाचं. त्यातही आईची सलग दोन वेतं जुळी असावीत आणि दोन्ही पिल्लं दूध तुटेपर्यंत जगलेली असावीत. नुसती जुळी देऊन एक मारणारी आई काय कामाची? शेवटी अंडकोश: दोन्ही खाली उतरलेले, सारख्या आकाराचे, घट्ट. एकच उतरलेला असेल तर वजन कितीही असो, तो बोकड बाजारात जातो.

बोकड गोठ्यात फार काळ राहिला की त्याच्याच लेकी माजावर यायला लागतात. बाप-लेकीच्या संकरात करडाचा अंतःप्रजनन गुणांक (जवळच्या नात्यातल्या संकराचं माप) 25 टक्के होतो, सावत्र भावंडांत 12.5. करडं लहान जन्मतात, मरतात, पाटी उशिरा गाभण राहतात, आणि दोष चाऱ्याला दिला जातो. आम्ही शेळ्यांचे तीन गट केले आहेत: लाल, निळा, पिवळा बिल्ला. पाट आईच्याच गटात राहते. बोकड मात्र पुढच्या गटात: लालचा निळ्यात, निळ्याचा पिवळ्यात, पिवळ्याचा लालमध्ये. एका बोकडामागे 25 ते 30 शेळ्या, आणि दोन वर्षं झाली की बोकड बदलायचा. अधूनमधून बाहेरचं रक्त लागतंच, त्यासाठी गोठवलेल्या रेतमात्रा हा चांगला मार्ग आहे. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था शेळ्यांच्या कृत्रिम रेतनावर बरीच वर्षं काम करते आहे. त्यात रोगाची भीती कमी, पण माज ओळखता आलाच पाहिजे. माज 18 ते 21 दिवसांनी येतो आणि दीड दिवसाच्या आत ओसरतो. सकाळी दिसला तर रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी.

दोन वर्षांत तीन वेतं हा आकडा प्रत्येक प्रकल्प अहवालात असतो. गाभणकाळ 150 दिवस, त्यानंतर तीन महिने, असं आठ महिन्यांचं चक्र. हिशोब बरोबर आहे, पण चक्र कोणत्या महिन्यापासून धरायचं ते कोणी सांगत नाही. नोव्हेंबरच्या मध्याला वेत धरलं तर पुढचं येतं जुलैच्या मध्याला, म्हणजे ऐन ओलीत. ओल्या जमिनीवर जन्मलेल्या करडांना न्यूमोनिया आणि रक्ती हगवण गाठते. तेच चक्र सप्टेंबर, मे, जानेवारी असं बसवलं तर जुलै-ऑगस्ट चुकतात. त्यासाठी बोकड एप्रिल, डिसेंबर आणि ऑगस्टच्या मध्याला कळपात सोडायचा, एरवी तो नजरेआड, वासही येणार नाही इतका लांब. एकदम सोडला की आठ-दहा दिवसांत बऱ्याच शेळ्या माजावर येतात. एप्रिलची खेप अवघड जाते, कारण शेळ्या उन्हाने उतरलेल्या असतात. मग दोन-तीन आठवडे आधीपासून रोज 200 ते 250 ग्रॅम मका भरडा वाढवावा लागतो. पाट पहिल्यांदा लावताना वयापेक्षा वजन बघावं. 22 किलोच्या आत आम्ही लावत नाही.

गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. पोटात जुळी असली की कोठीला, म्हणजे चारा साठवणाऱ्या पोटाला, जागा कमी उरते, शेळी कमी खाते आणि अंगातली चरबी जाळायला लागते. कोपऱ्यात उभी राहणं, दात खाणं, तोंडाला गोडसर वास ही लक्षणं दिसली तर डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवावं. या काळात चारा कमी आणि खुराक जास्त, तोही दोन-तीन वेळा विभागून. आमचा खुराक 100 किलोला असा: मका भरडा 50, शेंगदाणा पेंड 25, तूर चुणी 12, गव्हाचा कोंडा 10, खनिज मिश्रण 2, मीठ 1. विण्याआधी तीन-चार आठवडे आंत्रविषाराची (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस देतो, म्हणजे चिकातून करडांना संरक्षण जातं. जंताच्या औषधाबाबत एकच ताकीद: गाभण राहिल्यावर पहिला दीड महिना अल्बेंडाझोल नाही, गर्भात व्यंग येतं.

विताना पुढचे दोन खूर आणि त्यावर टेकलेलं नाक दिसलं तर हात लावू नये. अर्धा तास जोरात कळा देऊनही काही पुढे सरकलं नाही तरच मदत. नाळ दोन इंचांवर दोऱ्याने बांधून कापायची आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. नुसतं बोटाने लावून भागत नाही. तासाभरात चीक तोंडात गेलाच पाहिजे, आणि पहिल्या दिवसात वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे अडीच किलोच्या करडाला 250 मिली, चार-पाच वेळा मिळून. जार ओढायचा नाही. पडला की हातमोजे घालून चुना टाकून पुरायचा, कुत्र्यांना मिळता कामा नये.

पुढचं जिकिरीचं वय एक ते चार महिने. रक्ती हगवणीचे जंतू ओल्या लेंड्यांत वाढतात, म्हणून करडांच्या कप्प्यात मुरूम कोरडा, आठवड्याला चुना, आणि गव्हाण करडाच्या पाठीच्या उंचीला, म्हणजे तिच्यात चढून लेंड्या पडत नाहीत. उंच जाळीचे प्लॅस्टिक गोठे कोकणात ठीक असतील, आमच्या कोरड्या पट्ट्यात त्या खर्चाची गरज नाही. पूर्व-पश्चिम लांबीचं पत्र्याचं छप्पर, मोठ्या शेळीला 10 ते 12 चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळं आवार पुरतं. चाऱ्यात कडबा कुट्टी, तुरीचं आणि सोयाबीनचं भुसकट, बांधावरची शेवरी आणि सुबाभूळ. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापुढे नको, त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकाने केस गळतात. पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या ज्वारीत तर शेळ्या सोडायच्याच नाहीत.

राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 शेळ्या अधिक 5 बोकडांपासून 500 अधिक 25 पर्यंतच्या प्रकल्पांना 50 टक्के अनुदान आहे, म्हणून बरेच जण मोठ्या आकड्याची चौकशी करत येतात. आमचं सांगणं एवढंच की 20 अधिक 1 वर दोन वेतं काढा, करडांची मरतूक मोजा आणि मग बँकेत जा.

विक्रीत बकरी ईदचा माल अजूनही महत्त्वाचा आहे. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते; 2024 मध्ये 17 जूनला होती, 2025 मध्ये 7 जूनला. गिऱ्हाईक दोनदाती मागतं, आणि पहिले दोन दात साधारण 13 ते 15 महिन्यांना येतात. जानेवारीची करडं त्या हिशोबात बसतात. या बोकडांना नुसता कोंडा-भरडा चारला तर मूतखडा होतो. भरपूर पाणी आणि खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट ठेवावं लागतं.

पैदाशीचा माल पाच महिन्यांच्या आत देत नाही. सोबत बिल्ला क्रमांक, आई-बापाची नोंद, 90 दिवसांचं वजन आणि लसींच्या तारखा असलेला कागद जातो. शेवटच्या लसीला 21 दिवस झालेले असतात. वजन गिऱ्हाइकासमोर सकाळी करतो. त्याच्याकडे आमचा बोकड आधीच असेल, तर पाटी दुसऱ्या गटातल्या देतो, आणि त्या गटात शिल्लक नसतील तर पुढच्या वेतापर्यंत थांबायला सांगतो.