लास वेगासचं क्रॅप्स टेबल: जाण्याआधी छत्तीस दानांचा हिशेब

क्रॅप्स हा दोन फाशांचा कॅसिनोतला जुगार, पण कॅलिफोर्नियात तो खऱ्या फाशांनी खेळायला मिळत नाही. इथल्या कायद्यात डावाचा निकाल नुसत्या फाशांवर लावायला बंदी आहे, म्हणून आदिवासी जमातींच्या कॅसिनोंत टेबल तेच असलं तरी आकडा पत्त्यांवरून धरतात. सांगलीहून मामा-मामी आमच्याकडे अर्व्हाइनला आले होते. मामांनी आयुष्य बँकेत काढलं आहे आणि आकड्यांवर त्यांचं मनापासून प्रेम आहे. गोव्याला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर रुलेट बघून आल्यापासून त्यांना फाशांचं टेबल बघायचं होतं. तेव्हा आय-१५ महामार्ग पकडला आणि वेगास गाठलं.

रस्त्याबद्दल थोडक्यात सांगते. साधारण चार-साडेचार तासांचं वाळवंट आहे. बेकर गावात १३४ फूट उंच थर्मामीटर उभा आहे. जवळच्या डेथ व्हॅलीत १९१३ साली १३४ अंश फॅरनहाइट तापमान नोंदलं गेलं, त्याची ही खूण. पेट्रोल आणि पाण्यासाठी थांबायला जागा चांगली आहे, पण पेट्रोल महाग, त्यामुळे बार्स्टोमध्येच टाकी भरून घ्या.

आम्ही स्ट्रिपवर, म्हणजे मोठमोठ्या कॅसिनोंच्या प्रसिद्ध रस्त्यावर न राहता जुन्या वेगासमधल्या फ्रीमाँट स्ट्रीटला राहिलो आणि फाशांसाठी जाणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सुचवेन. इथे १९०६ सालचं गोल्डन गेट आणि १९४१ सालचं एल कॉर्टेझ ही जुनी कॅसिनो-हॉटेलं आहेत, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि टेबलावरची कमीत कमी रक्कम स्ट्रिपपेक्षा बहुधा खाली असते. आम्हाला आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी १० डॉलरचं टेबल मिळालं. शनिवारी रात्री स्ट्रिपवर २५ डॉलरच्या पाट्या सर्रास दिसतात. ही पाटी डीलरशेजारी लावलेली असते. ती वाचल्याशिवाय टेबलाला टेकू नका.

आता खेळ. आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी मामांना कागदावर छत्तीस दानं मांडून दाखवली. दोन फाशांची एकूण ३६ दानं. त्यांतली ७ ची सहा. ६ आणि ८ ची प्रत्येकी पाच, ५ आणि ९ ची चार-चार, ४ आणि १० ची तीन-तीन, ३ आणि ११ ची दोन-दोन, २ आणि १२ चं एकेक. हा एवढा तक्ता पाठ असला की टेबलावर छापलेली प्रत्येक चौकट स्वतःच्या डोक्याने तपासता येते.

मुख्य पैज ‘पास लाइन’ची. पहिल्या फेकीला कमआउट म्हणतात. ७ किंवा ११ आले की जिंकलात, २, ३ किंवा १२ आले की हरलात. बाकी कुठलाही आकडा आला तर तो ‘पॉइंट’ होतो. डीलर त्या आकड्यावर पांढरी ‘ऑन’ चकती ठेवतो. मग फासे पडत राहतात. ७ च्या आधी पॉइंट पुन्हा आला तर लावलेल्या रकमेइतकेच पैसे मिळतात, आधी ७ आले तर ‘सेव्हन आउट’ होऊन पैसे जातात आणि फासे पुढच्या माणसाकडे सरकतात.

मामांनी विचारलं, “यात त्यांना सुटतं किती?” त्यांच्यासाठी मी १,९८० डावांचा हिशेब केला, कारण त्या संख्येत सगळे भाग पूर्णांकात बसतात. पहिल्याच फेकीला ४४० डाव जिंकले जातात, २२० हरतात. ४ किंवा १० हा पॉइंट ३३० वेळा येतो, त्यांतले ११० जिंकतात. ५ किंवा ९ येतो ४४० वेळा, जिंकतात १७६. ६ किंवा ८ येतो ५५० वेळा, जिंकतात २५०. बेरीज ९७६ जिंकलेले, १,००४ हरलेले. फरक २८ डावांचा, म्हणजे १.४१ टक्के. आपल्याकडच्या अड्ड्यावर मालक नाल काढतो, इथे कॅसिनोचा वाटा असा नियमांतच मुरलेला असतो. मामांनी कागद घडी करून खिशात ठेवला. “अगं, मांडवीवर एवढं कोणी सांगितलं नव्हतं मला.”

रुलेटशी ताडून बघा. एका शून्याच्या चाकावर वाटा २.७० टक्के, अमेरिकी दोन शून्यांच्या चाकावर ५.२६, आणि स्ट्रिपवर आता तीन शून्यांची चाकंही आहेत, त्यांच्यावर ७.६९. चाकं लांबून सारखीच दिसतात, त्यामुळे बसण्यापूर्वी शून्यं मोजा.

क्रॅप्सचं खरं वैशिष्ट्य पास लाइनच्या मागे आहे, आणि कापडावर त्याचं नावही छापलेलं नसतं. पॉइंट ठरल्यावर तुमच्या पास लाइनच्या चिप्सच्या मागे जास्तीची रक्कम ठेवता येते, तिला ‘ऑड्स’ म्हणतात. तिच्यावर कॅसिनो काहीही कापत नाही. ४ आणि १० वर एकाला दोन, ५ आणि ९ वर दोनाला तीन, ६ आणि ८ वर पाचाला सहा, म्हणजे दानांच्या प्रमाणात जेवढं द्यायला हवं तेवढंच मिळतं. बऱ्याच टेबलांवर ‘तीन-चार-पाच’ पट ऑड्स चालतात. ४-१० वर मूळ रकमेच्या तिप्पट, ५-९ वर चौपट, ६-८ वर पाचपट. हे आकडे मुद्दाम असे ठेवले आहेत की पूर्ण ऑड्स लावले तर जिंकल्यावर ऑड्सचे दरवेळी मूळ रकमेच्या सहापटच मिळतात. डीलरचा हिशेब झटपट होतो आणि तुम्हालाही तो तपासता येतो. असे पूर्ण ऑड्स घेतले तर लावलेल्या एकूण पैशांवर कॅसिनोचा वाटा ०.३७ टक्क्यांवर येतो. मात्र एका डावात अडकणारी रक्कम वाढते. १० डॉलरच्या टेबलावर ८ च्या पॉइंटला ६० डॉलर पणाला लागतात, म्हणून खिसा बघून ऑड्स घ्या. सुट्या चिप्स अशा ठेवा की ५ किंवा ९ वर ऑड्सची रक्कम सम असेल आणि ६ किंवा ८ वर पाचाच्या पटीत. नाहीतर अपूर्णांक कॅसिनोच्या खिशात जातो.

६ किंवा ८ वर थेट ‘प्लेस’ लावायचं असेल, म्हणजे ७ च्या आधी तो आकडा येईल अशी पैज, तर सहाच्या पटीत लावा. ६ डॉलरला ७ मिळतात, वाटा १.५२ टक्के. ५-९ वर तोच ४ टक्के होतो, ४-१० वर ६.६७. कोपऱ्यात कुठे ‘बिग सिक्स’, ‘बिग एट’ छापलेलं दिसलं तर हात लावू नका. जिंकण्याची अट तीच, पण देणं बरोबरीचं, आणि वाटा ९.०९ टक्के. एकाच कापडावर, एकाच आकड्याला, दोन इतके वेगळे भाव.

टेबलाचा मधला भाग सगळ्यांत रंगीत असतो आणि नवख्यांचे पैसे तिथेच जातात. ‘एनी सेव्हन’ला, म्हणजे पुढच्याच फेकीला ७ येईल या पैजेला, एकाला चार देतात, खरं प्रमाण एकाला पाचचं आहे, वाटा १६.६७ टक्के. २ किंवा १२ वर एकाला तीस, वाटा १३.८९. ‘हार्ड’ ६ आणि ८, म्हणजे तीन-तीन किंवा चार-चार, ९.०९. हार्ड ४ आणि १० साठी ११.११. समोरच्या ‘फील्ड’ पट्टीत, म्हणजे एकाच फेकीच्या पैजेत, २, ३, ४, ९, १०, ११, १२ असे सात आकडे दिसतात म्हणून ती भरघोस वाटते, पण त्या सात आकड्यांची मिळून १६ च दानं होतात, उरलेली २० विरुद्ध जातात. २ आणि १२ दोन्हींवर दुप्पट देत असतील तर वाटा ५.५६ टक्के, त्यांतल्या एकावर तिप्पट असेल तर २.७८.

हे टक्के कोरडे वाटतात म्हणून तासाचा खर्च काढा. ताशी शंभर दानं धरली तर पास लाइनचे साधारण तीस डाव निकालात निघतात. १० डॉलरने सरासरी खर्च चार-सव्वाचार डॉलर. आमच्या शेजारचे एक गृहस्थ दर फेकीला ५ डॉलर ‘एनी सेव्हन’वर टाकत होते. त्याच शंभर दानांत त्यांचा सरासरी खर्च ८३ डॉलर. टेबल तेच, फासे तेच, हाकाटीही तीच. मला हे मनापासून सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडून येणारी कितीतरी मंडळी सहलीचे पैसे या मधल्या चौकटींत घालवून बसतात आणि दोष नशिबाला देतात.

सरासरी म्हणजे हमी नव्हे, हेही लक्षात असू द्या. ऑड्स घेतले तर तासाभरात दीडशे वर किंवा दीडशे खाली सहज होतं. १० डॉलरच्या टेबलावर उभं राहायचं तर गेले तरी चालतील असे ३०० डॉलर वेगळ्या पाकिटात ठेवा आणि ते संपले की टेबल सोडा. कॅसिनोतल्या एटीएमचं शुल्क जबर असतं, त्यामुळे कार्ड खोलीतच राहू द्या.

टेबलाशी वागण्याचे नियम कडक आहेत. पैसे डीलरच्या हातात द्यायचे नाहीत, कापडावर ठेवायचे; मग तो चिप्स सरकवतो. फासे काठीने सरकवणारा काठीवाला तुमच्यासमोर पाच-सहा फासे ढकलतो, त्यांतले दोन उचलायचे. फासे एकाच हाताने हाताळायचे, या हातातून त्या हातात नाही. समोरच्या भिंतीला लागतील असे फेकायचे. त्या भिंतीवर रबराचे टोकदार उंचवटे असतात, ते फाशांची चाल मोडतात. म्हणून विशिष्ट पकडीने हवं ते दान पाडता येतं असं शिकवणाऱ्यांना पैसे देऊ नका. फासा खाली पडला तर बॉक्समन, म्हणजे टेबलावर देखरेख करणारा, त्यावरचा क्रमांक आणि चिन्ह तपासतो. फासे हवेत असताना हात कठड्याच्या आत नकोत. फोन खिशात. आणि तोंडातून ‘सेव्हन’ शब्द काढू नका, सगळं टेबल वळून बघतं. ११ ला तिथे ‘यो’ म्हणतात.

‘डोन्ट पास’ ही पास लाइनची उलटी बाजू. वाटा १.३६ टक्के, म्हणजे किंचित स्वस्त, आणि १२ आल्यावर डाव बरोबरीत सुटतो. पूर्ण वैध आहे, पण सगळे हळहळत असताना तुम्ही जिंकता. ते जमत असेल तर खेळा.

‘क्रॅपलेस’ असं लिहिलेलं टेबल टाळा. २, ३ आणि १२ वर पहिल्याच फेकीला हरत नाही हे ऐकायला गोड लागतं, पण ११ वर जिंकणंही जातं आणि पास लाइनचा वाटा ५.३८ टक्के होतो. गर्दीचा संकोच वाटत असेल तर काचेच्या घुमटात फासे उडवणारं ‘बबल क्रॅप्स’ यंत्र बघा. रक्कम कमी लागते, घाई नसते. मामी तिथेच शिकल्या आणि मग टेबलाशी येऊन मामांना ऑड्सची आठवण करून देऊ लागल्या.

संध्याकाळी वेगासमधल्याच ‘कॅलिफोर्निया’ नावाच्या हॉटेलात गेलो. १९७५ पासूनचं हे हॉटेल हवाईच्या पाहुण्यांचं माहेरघर आहे. २८ मे १९८९ रोजी इथे स्टॅन्ली फुजिटाके यांनी ३ तास ६ मिनिटं फासे हातात राखले, ११८ दानं टाकली. तासाभराहून जास्त फासे राखणाऱ्यांची नावं इथे भिंतीवर लावतात. फुजिटाके यांचा विक्रम २००९ साली अटलांटिक सिटीत पॅट्रिशिया डेमॉरो यांनी १५४ दानांनी मोडला. एका माणसाच्या हाती फासे सरासरी साडेआठ दानं राहतात, त्यावरून या आकड्यांची उंची कळते. मामा त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “म्हणजे यांच्या शेजारी पास लाइनवर कोण होतं, ते खरं विचारायला हवं.”

बाकी कामाच्या गोष्टी. वय २१ पूर्ण हवं, आणि केस पिकलेल्यांकडेही ओळखपत्र मागू शकतात, म्हणून भारतातून आलेल्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा. कॅसिनोंत सिगारेटचा धूर असतो. त्रास होत असेल तर स्ट्रिपवरचं पार्क एमजीएम धूम्रपानमुक्त आहे. खोलीचं भाडं बघताना ‘रिसॉर्ट फी’ हे हॉटेलचं वेगळं शुल्क मिळवून बघा. उठताना डीलरला ‘कलर अप’ म्हणा, तो लहान चिप्सच्या बदल्यात मोठ्या देतो. रोख रक्कम टेबलावर मिळत नाही, त्यासाठी कॅशियरच्या खिडकीशी जावं लागतं. डीलर चांगले असतील तर त्यांच्या नावाने एखादी चिप पास लाइनवर ठेवा. जिंकली तर त्यांची.

आणि परतताना रविवारी दुपारी निघू नका. कॅलिफोर्नियाकडे जाणारा आय-१५ राज्याच्या हद्दीपाशी प्रिम गावाजवळ तुंबतो. सकाळी सातच्या आत गाडी काढा, नाहीतर सरळ सोमवारी.