रिकाम्या सभागृहातला पियानो

‘तुमच्या कामाविषयी लिहा,’ असं शाळेच्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने कळवलं. काम पियानो जुळवण्याचं, लंडनमधलं. आपल्या शाळेत पियानो नव्हता. संगीताच्या तासाला पेटी आणि तबला-डग्गा असायचा, आणि रूपक तालाच्या मात्रा हातावर मोजायला मी तिथेच शिकलो. उत्तर मॅसेडोनियाचे पियानोवादक सिमोन तर्पचेस्की यांना ऐकताना त्या रूपकाचा उपयोग होतो, म्हणून त्यांच्या एकल वादनाच्या निमित्ताने लिहितो.

तर्पचेस्की 1979 चे, स्कोप्ये शहरातले. लहानपणी हातात आलं ते अकॉर्डियन, पियानो नंतर. स्कोप्येच्याच विद्यापीठात बोरिस रोमानोव्ह यांच्याकडे शिकून 2002 मध्ये पदवी घेतली. त्याच वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेत चायकोव्हस्की, स्क्रियाबिन, स्त्राविन्स्की, प्रोकोफिएव असा सगळा रशियन मामला होता. नाव झाल्यावर बरेच कलाकार लंडन-बर्लिनला बिऱ्हाड हलवतात. हे स्कोप्येतच राहिले आणि शिकले त्याच विद्यापीठात शिकवूही लागले. मला याचं मोल स्पर्धांतल्या बक्षिसांहून जास्त वाटतं.

अकॉर्डियन आणि आपली पेटी चुलत भावंडं. दोन्हींत पितळी-पोलादी रीड आणि भाता. भात्यात हवा आहे तोवर सूर टिकतो, वाढवता येतो. पियानोत हातोडी तारेवर आपटून मागे आली की सूर विरायला लागतो, मग तो वाढवणं वादकाच्या हातात नाही. संथ चाल गाती ठेवायची असेल तर पुढचा सूर मागच्याच्या उरलेल्या आवाजाला जुळेल इतकाच दाबावा लागतो. जास्त दाबला की सांधा दिसतो, कमी दाबला की चाल तुटते. आणि हे हिशेब दर पियानोवर बदलतात.

कारण पियानोवादकाला आपलं वाद्य बरोबर नेता येत नाही. गवई आपले तंबोरे आणतो, व्हायोलिनवाला आपलं वाद्य खांद्याला लावून येतो. मैफलीचा स्टाइनवे डी हा मोठा पियानो मात्र 274 सेंटीमीटर लांब आणि साधारण 480 किलो वजनाचा. सभागृहात जो उभा आहे त्यावर वाजवायचं. म्हणून संध्याकाळच्या वादनाचं बरंचसं भवितव्य दुपारी, खुर्च्या रिकाम्या असतानाच ठरतं.

जुळवणाऱ्याने मंचावरचे दिवे संध्याकाळी असतील तसे आधीच लावून ठेवावेत. दिव्यांच्या उष्णतेने तारा सैलावतात. थंड मंचावर जुळवलेला पियानो तासाभरात उतरतो. हवेतली आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत असलेली बरी. ती वाढली की स्प्रूस लाकडाचा नादफलक (तारांचा आवाज मोठा करणारी फळी) फुगतो आणि मधल्या सप्तकांचे सूर चढतात. मधल्या व वरच्या सप्तकांत एका सुराला तीन तारा असतात. फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्टीने दोन दाबून एकेक जुळवायची. खुंटी नुसती फिरवून भागत नाही, सूर जोरात ठोकून तार बसवावी लागते. नाहीतर दुसऱ्याच रचनेत तीन तारा एकमेकींशी भांडायला लागतात. सगळ्याला दीड-दोन तास हवेत.

मग वादक येतो. आधी बैठकीची उंची. नंतर तो अगदी हळू, एकेक पट्टी दाबून पाहतो, आणि एकच सूर भराभर ठोकून पाहतो. पट्टी सुमारे 10 मिलिमीटर खाली जाते. हळू दाबल्यास हातोडी तारेपासून दीडेक मिलिमीटरवर सुटली पाहिजे. हे अंतर वाढलं की अतिमंद सूर लागतच नाहीत, फार कमी झालं तर हातोडी तारेवर दुसऱ्यांदा थडकते. स्त्राविन्स्कीच्या ‘पेत्रुश्का’तले तीन भाग (1921, आर्थर रुबिनस्टाइनसाठी लिहिलेले) वाजवायचे असतील तर पुनरावृत्तीची स्प्रिंग हमखास तपासावी. ती सैल असेल तर पट्टी पूर्ण वर आल्याशिवाय दुसरा ठोका उमटत नाही, ताठ असेल तर हातोडी उसळते आणि वादकाला हाताखाली झटका जाणवतो.

‘आवाज काचेसारखा येतोय’ ही नेहमीची तक्रार. हातोडीच्या फेल्टवर तारांच्या घळी पडून ती कठीण होते. फेल्टच्या खांद्यात सुया टोचून मऊ करायची. शेंड्यावर टोचली तर आवाजातला जीवच जातो, आणि वादनाच्या दिवशी तो परत आणायला वेळ नसतो. डाव्या पेडलने सगळी यंत्रणा उजवीकडे सरकते आणि हातोडी तीनांपैकी दोनच तारांवर पडते. ती फेल्टच्या कोऱ्या भागावर पडते की घळीच्या कडेवर, यावर मंद आवाजाचा रंग ठरतो. कडेवर पडली तर एक तार खरखरते.

लंडनच्या विगमोर हॉलमध्ये जेमतेम साडेपाचशे खुर्च्या. तिथे स्टाइनवे डी सहज कर्कश होतो, त्यामुळे मोठ्या सभागृहात शोभणारा जोर आवरावा लागतो. मध्यंतराच्या वीस मिनिटांत मी सगळं पुन्हा जुळवत नाही, फक्त भांडणाऱ्या तारा पाहतो.

आता रूपक. तर्पचेस्की यांनी ‘मॅकेडोनिसिमो’ या उपक्रमात संगीतकार पांदे शाहोव यांच्या मांडणीतून आपल्या देशाचं लोकसंगीत मैफलीत आणलं. तिथल्या लेस्नोतो नाचाच्या सात मात्रा 3+2+2, नेमका रूपकाचा हिशेब. फरक एवढाच की रूपकात पहिल्या मात्रेवर खाली (टाळीविना मोकळा हात) असते, तिथे तीनाचा गट ठसठशीत लागतो. युरोपी शिस्तीत वाढलेले विद्यार्थी इथे हटकून फसतात. दोनांचे गट ताणून तिन्ही गट सारखे करतात आणि नाचाचा वॉल्ट्झ (तीन सारख्या ठोक्यांचा युरोपी नाच) होतो. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) गटाच्या ठोक्याला लावला की ही चूक लपते. तो सातही मात्रांना लावायचा, आणि डाव्या हाताचा खर्ज पहिल्या, चौथ्या व सहाव्या मात्रेवर. संगीतवर्गातल्या मुलांनी पेटीवर करून पाहावं: एकाने टाळी देत सात मोजावेत, दुसऱ्याने कोणतीही पाच सुरांची चाल त्यावर बसवावी, आणि लय वाढवताना पहिला तीनाचा गट आखडतो का, यावर तिसऱ्याने कान ठेवावा.